मांजरीच्या पिल्लाचे पिता : हजरत अबू हुरैरा (रजि.)



आपल्या घरी हदीसचे पुस्तक उघडले की एक नाव पुन:पुन्हा समोर येते. मशिदीतील दर्समध्ये, जुम्याच्या बयानात, मदरशातील मुलांच्या पाठांतरात ते आपण शेकडो वेळा ऐकले असेल. ते नाव म्हणजे हजरत अबू हुरैरा (रजि.). या नावाचा अर्थ एखाद्या मुलाने विचारला तर आपण काय सांगाल? अरबी भाषेत हिर्रा म्हणजे मांजर, हुरैरा म्हणजे मांजरीचे लहानसे पिल्लू आणि अबू म्हणजे पिता. ज्यांच्याकडून प्रेषित मुहम्मद (स.) यांची सर्वाधिक वचने या उम्मतपर्यंत पोहोचली, ते थोर सहाबी चौदा शतके मांजरीच्या पिल्लाचे पिता म्हणूनच ओळखले जात आहेत.

ही केवळ गमतीची गोष्ट आहे असे समजून पुढे जाऊ नका. सेनगाव आणि आसपासच्या खेड्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे मुक्या जनावरांचा प्रश्न रोजच उभा असतो. मूल पावसात भिजलेले पिल्लू उचलून घरी आणते. आखाड्यावर राखणीला कुत्रा ठेवावा लागतो. मांजर व्याली की तिची पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडून दिली जातात. कुत्रा नापाक आहे असे म्हणत त्याला दगड मारणारे हात आपल्याच मोहल्ल्यात असतात. अशा वेळी ईमानधारकाने कसे वागावे, याचे उत्तर या एका सहाबींच्या जीवनात आणि त्यांनी आपल्यापर्यंत पोहोचविलेल्या शिकवणुकीत सापडते. म्हणून आज आपण त्यांचे चरित्र या दृष्टीने पाहू या.

मेंढपाळ मुलगा आणि त्याचे पिल्लू

हजरत अबू हुरैरा (रजि.) हे यमनच्या बाजूला राहणाऱ्या दौस कबिल्याचे. इस्लामपूर्व काळातील त्यांच्या नावाविषयी इतिहासकारांत पुष्कळ मतभेद आहेत. इस्लाम स्वीकारल्यानंतर ते अब्दुर्रहमान झाले, हे मत अधिक प्रसिद्ध आहे. पित्याचे छत्र लहानपणीच हरपले आणि ते अनाथ म्हणून वाढले. पुढे केवळ पोटाला अन्न आणि प्रवासात आळीपाळीने स्वारी एवढ्या मोबदल्यावर त्यांनी गजवान यांच्या कन्येकडे चाकरी केली. अल्लाहची लीला अशी की, पुढे त्याच स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. ऐश्वर्याच्या काळातही त्यांनी आपली ती चाकरी कधी लपविली नाही. उलट ती आठवून ते अल्लाहचे आभार मानीत.

घरच्या शेळ्या-मेंढ्या चारणे हे त्यांचे लहानपणीचे काम. त्यांच्याजवळ मांजरीचे एक इवलेसे पिल्लू होते. रात्र झाली की ते त्याला झाडावर ठेवीत आणि दिवस उजाडला की आपल्यासोबत घेऊन जात व त्याच्याशी खेळत. हे पाहून घरच्यांनी त्यांना अबू हुरैरा म्हणायला सुरुवात केली. ही हकिगत त्यांनी स्वत:च सांगितली असून ती तिरमिजीच्या संग्रहात नोंदलेली आहे.

वाचकहो, या लहानशा प्रसंगाकडे जरा थांबून पाहा. रात्री पिल्लाला झाडावर ठेवण्यात त्या मुलाची समज दिसते. मांजर हे उंच जागी निर्धास्त होणारे जनावर आहे. जमिनीवर त्याला कुत्र्याचे व रानटी जनावरांचे भय असते. आजही घरात मांजर ठेवणाऱ्याने तिला फळीवर किंवा कपाटावर निजायला एक उंच, शांत कोपरा दिला तर ती सुखाने राहते. आणि दिवसा त्याच्याशी खेळण्यात तिच्या दुसऱ्या गरजेची पूर्ती होते. मांजर जन्मत:च शिकारी आहे. दोरीचा तुकडा किंवा कापडाचा चेंडू तिच्यापुढे रोज थोडा वेळ नाचविला तर तिचे शरीर चपळ राहते आणि मनही रमते. रात्री निर्धास्त निवारा आणि दिवसा सोबत, एवढे त्या गरीब अनाथ मुलाजवळ होते आणि त्याने ते दिले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रेषितांच्या (स.) झोळदार बाहीवर एक मांजर निजली होती आणि तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी ती बाहीच कापली, ही कथा आपल्या घरांतून फार प्रेमाने सांगितली जाते. हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ती आढळत नाही. प्रेषितांच्या (स.) नावे अशी गोष्ट सांगणे टाळावे. त्यांची करुणा सिद्ध करायला प्रमाणित शिकवण पुरेशी आहे, आणि त्यातील मोठा वाटा अबू हुरैरा (रजि.) यांच्याच मुखातून आला आहे.

मदीनेच्या वाटेवर

दौस कबिल्याचे सरदार तुफैल बिन अम्र (रजि.) यांनी मक्केत इस्लाम स्वीकारला आणि परत येऊन आपल्या लोकांना सत्याची हाक दिली. फार थोड्यांनी ती ऐकली. निराश होऊन त्यांनी प्रेषितांना (स.) विनंती केली की, दौसला शाप द्यावा. प्रेषितांनी (स.) हात उचलले आणि दौसला सन्मार्ग लाभावा अशी दुआ केली. त्या दुआचे फळ म्हणजे सातव्या हिजरी वर्षी, अर्थात इ.स. ६२८ मध्ये, दौसची अनेक कुटुंबे मदीनेस आली. त्यांत अबू हुरैरा (रजि.) होते. त्या वेळी प्रेषित (स.) खैबरच्या मोहिमेवर होते.

प्रवासात त्यांचा गुलाम वाट चुकून हरवला होता. ते प्रेषितांच्या (स.) सेवेत बसले असतानाच तो समोरून येताना दिसला. प्रेषितांनी (स.) तो आल्याचे सांगताच अबू हुरैरा (रजि.) यांनी त्याच क्षणी अल्लाहसाठी त्याला मुक्त केले. चाकरीचे दु:ख ज्याने भोगले होते, त्याने मिळालेल्या पहिल्याच संधीत दुसऱ्याची बेडी तोडली.

त्यांच्या वृद्ध माता त्यांच्यासोबत होत्या, मात्र त्यांनी अद्याप इस्लाम स्वीकारला नव्हता. एकदा पुत्राने त्यांना सत्याकडे बोलावले असता त्या प्रेषितांविषयी (स.) कटू शब्द बोलल्या. अबू हुरैरा (रजि.) रडत प्रेषितांकडे (स.) गेले आणि आईसाठी दुआ मागितली. घरी परतले तेव्हा दार लोटलेले होते आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. आई स्नान करून बाहेर आल्या आणि त्यांनी कलिमा उच्चारला. दु:खाने रडत गेलेला पुत्र आता आनंदाने रडत पुन्हा प्रेषितांकडे (स.) धावला.

सुफ्फाची भूक

मदीनेत त्यांना घर नव्हते. मशिदीलगतच्या सुफ्फा नावाच्या छपराखाली राहणाऱ्या निर्धन सहाबींमध्ये ते सामील झाले. व्यापार केला असता तर पोट भरले असते, पण प्रेषितांच्या (स.) सहवासातील एकही घटका त्यांना गमवायची नव्हती. परिणामी भूक हीच त्यांची सोबतीण झाली. ते पोटावर दगड बांधीत. कधी भुकेने शुद्ध हरपून ते प्रेषितांचा (स.) मिंबर आणि हजरत आएशा (रजि.) यांची खोली यांच्यामध्ये कोसळत. येणाजाणाऱ्याला वाटे की याला वेडाचा झटका आला आहे. त्यांना वेड नव्हते, ती निव्वळ भूक होती.

कधी ते एखाद्याला कुरआनच्या आयतीचा अर्थ विचारीत. अर्थ त्यांना ठाऊक असे. हेतू एवढाच की, त्याने आपली दशा ओळखावी आणि घरी नेऊन जेवू घालावे. बहुतेक जण अर्थ सांगून निघून जात. जाफर बिन अबू तालिब (रजि.) मात्र त्यांना घरी नेत आणि जे असेल ते पुढे ठेवीत. कधी काहीच नसे. मग ते तुपाची रिकामी बुधली आणून फाडीत आणि आत चिकटलेले तूप हे भुकेलेले सहाबी चाटून घेत.

एके दिवशी प्रेषितांनी (स.) त्यांचा चेहरा पाहताच भूक ओळखली आणि त्यांना घरी नेले. घरात भेट आलेले दुधाचे एक पात्र होते. प्रेषितांनी (स.) सुफ्फाच्या सर्व लोकांना बोलावून आणण्यास सांगितले. अबू हुरैरा (रजि.) मनात कष्टी झाले, कारण एवढेसे दूध सर्वांना वाटल्यावर आपल्या वाट्याला काय उरणार? तरीही त्यांनी आज्ञा पाळली आणि एकेकाला पाजले. सर्व जण तृप्त झाले. मग प्रेषितांनी (स.) त्यांना पुन:पुन्हा पाजले, इतके की पोटात जागा उरली नाही. सर्वांत शेवटी उरलेले दूध प्रेषित (स.) स्वत: प्याले.

आपल्या विषयाचे मर्म येथे आहे. भुकेला माणूससुद्धा आपली भूक सांगू शकत नाही आणि पाहणारा तिला वेड समजतो, हे अबू हुरैरा (रजि.) यांनी अंगावर सोसले होते. मग ज्याला वाचाच नाही, त्या जनावराचे काय? दारात सतत ओरडणारी मांजर आपल्याला त्रासदायक वाटते, साखळीला बांधलेला कुत्रा अकारण भुंकतो असे वाटते. बहुतेक वेळा ते भूक, तहान, वेदना किंवा एकटेपणा सांगत असतात. चेहरा पाहून ओळखणारा डोळा आपल्याजवळ नसतो, एवढेच.

मांजर कोंडणारी स्त्री

आपली स्मरणशक्ती कमी पडते अशी तक्रार त्यांनी केली असता प्रेषितांनी (स.) त्यांना चादर पसरण्यास सांगितले, ओंजळीने त्यात काही टाकल्यासारखे केले आणि ती उराशी धरायला सांगितले. त्यानंतर ते काही विसरले नाहीत. प्रेषितांचा (स.) त्यांना लाभलेला सहवास जेमतेम तीन-चार वर्षांचा, परंतु त्यांच्या नावे नोंदलेल्या रिवायतींची संख्या, पुनरुक्ती धरून, ५३७४ सांगितली जाते. कोणत्याही सहाबींकडून एवढ्या रिवायती आलेल्या नाहीत.

त्यातच त्या स्त्रीची हकिगत आहे, जिने एक मांजर बांधून ठेवली. तिला स्वत: खायला दिले नाही आणि जमिनीवरील किडे-मुंग्या तरी खाव्यात म्हणून मोकळेही सोडले नाही. मांजर तडफडून मेली आणि त्यापायी ती स्त्री नरकाग्नीत गेली. ही हकिगत इतर सहाबींनीही सांगितली आहे. पण ज्यांच्या नावातच मांजरीचे पिल्लू आहे, त्यांच्या मुखातून ती ऐकताना काळजाला अधिक झोंबते.

या शिकवणुकीतून विद्वानांनी दोन गोष्टी काढल्या. मांजर पाळणे वैध आहे, आणि पाळली तर तिचे अन्नपाणी ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे. मांजर तर नापाकही नाही. ती आपल्या घरांत वावरणाऱ्यांपैकी आहे, असा निर्वाळा प्रेषितांनी (स.) दिल्याचे अबू कतादा (रजि.) यांनी सांगितले असून, स्वत: त्यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे कलते करून मांजरीला पाणी पिऊ दिले होते.

आता पिल्ले पोत्यात घालून माळावर सोडण्याची रीत या कसोटीवर तपासून पाहा. दूध पिणारे पिल्लू स्वत: शिकार करू शकत नाही. त्याला आईपासून तोडून सोडणे म्हणजे त्या स्त्रीने केले तेच करणे होय. पिल्ले निदान आठ आठवडे आईपाशी राहू द्यावीत आणि मग घेणारे घर शोधावे. वारंवार पिल्ले होऊन ती सांभाळणे अशक्य होत असेल तर पशुवैद्यकाकडून मांजरीची शस्त्रक्रिया करून घेता येते. त्याविषयी आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

तहानलेला कुत्रा

कुत्र्याविषयीच्या ज्या आदेशांचा आपण सर्वाधिक उल्लेख करतो, तेही अबू हुरैरा (रजि.) यांनीच सांगितले आहेत. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवावे, त्यातील पहिल्या वेळी मातीने. शेती, गुरांची राखण किंवा शिकार यांशिवाय कुत्रा ठेवणाऱ्याच्या पुण्यातून दररोज एक कीरात घटतो. शेताच्या या सवलतीचा उल्लेख ऐकून हजरत इब्ने उमर (रजि.) म्हणाले होते की, अबू हुरैरांची शेती होती. म्हणजे ज्याला गरज होती त्याने तो नियम नीट ध्यानात ठेवला.

पण याच सहाबींनी दुसरी हकिगतही सांगितली, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. एक माणूस वाटेने जात असता त्याला फार तहान लागली. तो विहिरीत उतरून पाणी प्याला. वर आला तर एक कुत्रा तहानेने जीभ बाहेर काढून ओली माती चाटत होता. आपल्याला लागली होती तशीच तहान याला लागली आहे, हे त्याने जाणले. तो पुन्हा उतरला, आपला चामडी मोजा पाण्याने भरला, दातांत धरून वर चढला आणि कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याच्या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबींनी विचारले की, जनावरांबाबतही आम्हाला पुण्य आहे काय? उत्तर मिळाले की, प्रत्येक जिवंत प्राण्याच्या बाबतीत पुण्य आहे. बनी इस्राईलच्या एका वेश्येलाही कुत्र्याला पाणी पाजल्यामुळे क्षमा मिळाल्याचे त्यांनीच सांगितले.

दोन्ही शिकवणुकी एकाच मुखातून आल्या आहेत. त्यांपैकी एक स्वच्छतेची आणि दुसरी दयेची. कुत्र्याची लाळ नापाक मानणे हा तहारतचा मसला आहे. त्यातून त्याला दगड मारण्याची परवानगी निघत नाही. भांडे धुवायचे असते, जनावराला मारायचे नसते. त्याचे पाणी व अन्न वेगळ्या भांड्यात ठेवावे, ते रोज स्वच्छ करावे, नमाजची जागा व कपडे जपावेत. एवढे केले की दोन्ही आदेश पाळले जातात.

अबू हुरैरा (रजि.) यांनीच सांगितले आहे की, पूर्वीच्या एका ईशदूतांना एक मुंगी चावली म्हणून त्यांनी मुंग्यांचे अख्खे वारूळ जाळविले. तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला की, चावली एक मुंगी आणि जाळला एक संपूर्ण समुदाय, जो अल्लाहचे स्तवन करीत होता. एक कुत्रा चावला म्हणून गल्लीतल्या सर्व कुत्र्यांना विष घालणाऱ्यांनी याचा विचार करावा. देशाचा कायदाही, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, पाळीव जनावराला उपाशी ठेवणे आणि बेवारस सोडणे हा गुन्हा मानतो.

सेनगावकरांना तर शेजारचेच उदाहरण ठाऊक आहे. आपल्याच हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव. कुत्रा त्यांची भाकरी पळवून निघाला तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी त्याने खाऊ नये म्हणून, अशी आख्यायिका आपल्या शेजाऱ्यांच्या घरोघरी सांगितली जाते. मुक्या जिवांवर दया हा गुण या मातीला परका नाही. तो आपल्या दीनचा आदेश असताना आपण त्यात मागे राहावे, हे शोभत नाही.

आजार आणि उपचार

आणखी दोन शिकवणुकी अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आल्या आहेत. अल्लाहने असा कोणताही आजार उतरविला नाही ज्याचा उपचार उतरविला नाही. आणि आजारी उंटांच्या मालकाने ती निरोगी उंटांमध्ये आणू नयेत. या दोहोंना धरून आजच्या पाळणाऱ्याने काय करावे?

सर्वांत आधी रेबीज म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचा बंदोबस्त करावा. हा रोग लाळेतून पसरतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस किंवा जनावर वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस मात्र पूर्ण संरक्षण देते. कुत्रा-मांजर तीन महिन्यांचे झाले की पहिली लस टोचावी आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठून लस घ्यावी. जखमेवर हळद, तिखट किंवा चुना लावू नये आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताच्या हगवणीचा पार्वो हा रोग फार लवकर मारतो. त्याचीही लस आहे. आजारी पिल्लू इतरांपासून वेगळे ठेवावे, त्याची भांडी वेगळी करावीत. जंतांचे औषध ठराविक काळाने द्यावे आणि गोचिडांवर लक्ष ठेवावे. कुत्र्याच्या गोचिडांवरील काही औषधे मांजरीला प्राणघातक ठरतात, म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला लावू नये. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विषासमान आहे. बोका लघवीसाठी वारंवार बसतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. काही तासांत त्याचा जीव जाऊ शकतो.

अन्नाबाबतही प्रेम पुरेसे नसते, माहिती लागते. मोठ्या मांजरींपैकी पुष्कळांना दूध पचत नाही आणि हगवण लागते. मांजर मांसाहारी आहे. तिला नुसत्या दूध-पोळीवर ठेवू नये. कुत्र्याला कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका घातक आहेत. ईदच्या दिवशी उरलेला शीरखुर्मा प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिजलेली हाडे चिरफाळून घशात व आतड्यात रुततात. आणि बकरी ईदला कलेजी किंवा फुप्फुसांत पाण्याच्या गाठी दिसल्या तर ते कच्चे भाग कुत्र्यांपुढे कधीही टाकू नयेत, खोल पुरावेत. त्या गाठींत एका कृमीची बीजे असतात. ती कुत्र्याच्या पोटात वाढतात आणि त्याच्या विष्ठेतून माणसाच्या, विशेषत: मुलांच्या, शरीरात जाऊन तशाच गाठी धरतात.

मराठवाड्याचा उन्हाळा आपण जाणता. आखाड्यावर बांधलेल्या कुत्र्याला एप्रिल-मेच्या उन्हात सावली नसेल आणि पाण्याचे भांडे दुपारपर्यंत कोरडे होत असेल तर ती साखळी आणि त्या स्त्रीची दोरी यांत फरक उरत नाही. साखळी लांब असावी, रोज काही काळ तो मोकळा फिरावा, पाणी मातीच्या जड भांड्यात सावलीत ठेवावे. फवारणीचे डबे आणि उंदराचे औषध त्याच्या तोंडाजवळ येऊ देऊ नये. आजार वाढला तर तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि त्यापुढे परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हशीसाठी आपण डॉक्टर बोलावतोच. जे जनावर दूध देत नाही, त्याच्यासाठी बोलाविण्यातच आपल्या दयेची परीक्षा आहे.

सत्तेत आणि अखेरीस

पुढे हजरत उमर (रजि.) यांनी अबू हुरैरा (रजि.) यांना बहरैनचे राज्यपाल नेमले. परतल्यावर त्यांच्याजवळ धन दिसले तेव्हा खलिफांनी कठोरपणे हिशेब विचारला. आपल्या घोड्यांची वाढ झाली आणि इतर वैध मार्गांनी हे मिळाले, असा खुलासा त्यांनी केला. नंतर पुन्हा तेच पद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. मदीनेत कारभाऱ्याच्या जागी काम पाहत असतानाही ते लाकडाची मोळी पाठीवर घेऊन बाजारातून जात आणि हसत लोकांकडून वाट मागत. घरी ते, त्यांची पत्नी आणि त्यांचा सेवक यांनी रात्रीचे तीन भाग केले होते. एक जण नमाज पढून दुसऱ्याला उठवी. ज्या घरात सेवकही मालकासोबत इबादतीत समान वाटेकरी होता, त्या घरी दुर्बलाचा हक्क कसा जपला जात असेल, याची कल्पना आपण करू शकता.

सत्तावन्न ते एकोणसाठ हिजरीच्या दरम्यान, इ.स. ६७८ च्या सुमारास, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारात ते रडले. कारण विचारले तेव्हा त्यांनी जगाचा वियोग सांगितला नाही. प्रवास दूरचा आहे, शिदोरी थोडी आहे आणि पुढे स्वर्ग आहे की नरक हे ठाऊक नाही, ही त्यांची चिंता होती. मदीनेच्या बकी कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले.

ज्यांनी एवढे दिले त्यांना शिदोरी थोडी वाटत होती. मग आपली किती? त्यांनीच आपल्याला सांगून ठेवले आहे की, कियामतच्या दिवशी हक्कदारांचे हक्क परत केले जातील, इतके की बिनशिंगाच्या शेळीला शिंगवाल्या शेळीकडून बदला मिळेल. जेथे शेळीचा शेळीवरील हक्क मोजला जाणार आहे, तेथे आपल्या दारातील मांजरीचा आणि आखाड्यावरील कुत्र्याचा आपल्यावरील हक्क विसरला जाईल काय?

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी आपले मूल भिजलेले पिल्लू हातात घेऊन दारात उभे राहिले तर लगेच हाकलू नका आणि लगेच होकारही देऊ नका. त्याला अबू हुरैरा (रजि.) यांची गोष्ट सांगा. मग विचारा की, याला रोज खायला-प्यायला कोण देणार, त्याची घाण कोण काढणार, लस टोचायला कोण नेणार? उत्तर देण्याची तयारी असेल तर त्याला घरात घ्या. ती अल्लाहची अमानत आहे असे समजून सांभाळा. तयारी नसेल तर निदान दाराबाहेर सावलीत पाण्याचे एक भांडे ठेवा. विहिरीत उतरलेल्या त्या माणसाने याहून फारसे अधिक केले नव्हते.

अल्लाह आपणा सर्वांना मुक्या जिवांचे हक्क ओळखण्याची आणि ते अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.